तीच गोष्ट पुन्हा पडद्यावर : रिमेक पाहतानाचे तुमचे अनुभव

मांडवीकाठ :
२ ऑक्टोबर जवळ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर पणजीतला सत्संग आणि पावभाजी यांचा निरोप फिरू लागतो. यंदाही तो आला आणि २०१५ साली आईबरोबर पाहिलेला हिंदी 'दृश्यम' पुन्हा मनात जागा झाला : त्यातला नायक खुनाच्या चौकशीतून कुटुंबाला वाचवण्यासाठी, त्या तारखेला आपण सगळे पणजीत सत्संगाला होतो, असा देखावा उभा करतो. त्याचे साळगावकर हे आपल्याकडचे आडनाव पडद्यावर ऐकताच आई जी सावरून बसली, ती शेवटपर्यंत तशीच बसून होती. दिग्दर्शक निशिकांत कामत यांनी कदंबची बस, पणजीचे हॉटेल, चित्रपटगृह अशा आपल्या रोजच्या गोष्टी घेऊन ते कथानक असे बसवले होते की हा चित्रपट मुळात मल्याळम आहे, हे आईला सांगूनही पटले नाही.

पुढे एका मल्याळी सहकाऱ्याने आग्रहाने २०१३ चा मूळ 'दृश्यम' दाखवला. त्यातला जॉर्जकुट्टी ख्रिस्ती आहे, तो कुटुंबाला घेऊन तोडुपुळा येथे धार्मिक शिबिराला जातो आणि तारखा २ व ३ ऑगस्ट आहेत. हिंदीत शिबिराच्या जागी सत्संग आला, ऑगस्टचा ऑक्टोबर झाला, पण कथेचा कणा तोच राहिला. नायक बाहेरच्या कोणत्याही साक्षीदाराला खोटे बोलायला शिकवत नाही. तो कंडक्टरला, हॉटेलवाल्याला, चित्रपटगृहातल्या माणसाला पुन्हा पुन्हा भेटतो आणि ती तारीख त्यांच्या आठवणीत रुजवतो. बसचा कंडक्टर प्रवाशाला चेहऱ्याने ओळखतो, अशाच मुलखात ही युक्ती चालू शकते. केरळमधल्या इडुक्कीच्या डोंगराळ भागात ती चालली आणि गोव्यातही चालली, याचे कारण मला हेच वाटते. महानगरात ही कथा नेली असती तर ती पहिल्याच चौकशीत कोसळली असती.

म्हणून विचारते, कोणत्या रिमेकने तुम्हाला काही दिले आणि कोणत्या रिमेकने तुमच्याकडून काही हिरावून घेतले?

फोंड्याची मावशी :
हिरावून घेतले म्हणाल तर 'धडक'. माझ्या मुलीने २०१८ साली तो मैत्रिणींबरोबर पाहिला, घरी येऊन खूप रडली, आणि मग मला विचारू लागली की मुलीच्या घरच्यांचा एवढा राग नेमका कशासाठी होता. तिचा प्रश्न योग्यच होता, कारण 'सैराट'मध्ये जी जात प्रत्येक प्रसंगात उभी असते, ती उदयपूरच्या हवेलीत शिरताना फार फिकी झाली. मी तिला पुढच्याच रविवारी नागराज मंजुळे यांचा मूळ चित्रपट दाखवला. वर्गात शिकवणाऱ्या दलित शिक्षकाला पाटलाचा मुलगा थोबाडीत मारतो, तेवढा प्रसंग पाहिल्यावर तिने मला पुन्हा काही विचारले नाही. अजय-अतुल दोन्हीकडे आहेत, 'झिंगाट' दोन्हीकडे आहे, तरीही ज्या दुखण्यातून ती कथा जन्माला आली ते दुखणेच दुसरीकडे नाही. जेवण उतरवायचे आहे, बाकीचे रात्री लिहीन.

सासष्टीकर :
सर्वांनी बाहेरच्या कथांविषयी लिहिले आहे, म्हणून मी गोव्यातून बाहेर गेलेल्या एका कथेविषयी लिहितो. १९६६ साली 'निर्मोण' हा कोंकणी चित्रपट आला. निर्माते आणि संगीतकार आपले फ्रँक फर्नांड, दिग्दर्शक ए. सलाम, आणि पडद्यावर सी. आल्वारीस व शालिनी. लगेच १९६७ साली त्याच सलाम यांनी राजश्रीसाठी तो 'तकदीर' या नावाने हिंदीत केला. त्यात भारत भूषण होते, शालिनी इथेही होत्याच, आणि फरीदा जलाल यांची कारकीर्दही याच चित्रपटापासून सुरू झाली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे त्यातले 'जब जब बहार आई' हे गाणे आजही रेडिओवर लागते, परंतु ते ऐकणाऱ्या फार थोड्यांना त्याच्या मागे उभा असलेला कोंकणी चित्रपट ठाऊक असतो.

कथेचे बीज टेनिसन या इंग्रज कवीच्या 'इनॉक आर्डन' या दीर्घकवितेत आहे : समुद्रावर गेलेला नवरा बुडाला असे समजून बायको दुसरे लग्न करते आणि मग तो परत येतो. आमच्या सासष्टीत ज्या घरांतून पुरुष तारवटी म्हणून बोटीवर गेले, त्या घरांना ही कथा परकी वाटणे शक्यच नव्हते. माझी आजी वडिलांच्या पत्राची वाट पाहत बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसायची आणि पोस्टमन फाटकापुढून सरळ निघून गेला की ती त्या दिवशी कोणाशी बोलत नसे. तिने 'निर्मोण' मडगावात पाहिला होता आणि नंतर 'तकदीर'ही पाहिला. हिंदी चित्रपट मोठा आहे, पण त्यातली बाई माझ्यासारखी वाट पाहत नाही, असे तिचे मत होते आणि त्यावर ती अखेरपर्यंत ठाम राहिली.

म्हापशाचा मुलगा :
सासष्टीकर काका, देव बरें करूं. 'जब जब बहार आई' माझे वडील गाडीत नेहमी लावतात. ही हकीकत त्यांना आत्ताच वाचून दाखवली, तर त्यांनी गाणे थांबवून ती पुन्हा वाचायला लावली. तुमच्या आजीविषयी वाचून मन भरून आले.

जत्रेचा रसिक :
आपण गोवेकरांनी रिमेकविषयी तक्रार करावी, हे मला थोडे नवलाचे वाटते, कारण आपण तर तीच नाटके पिढ्यान्पिढ्या पाहत आलो आहोत. आमच्या गावच्या देवळात जत्रेला गावातल्याच मंडळींचे संगीत नाटक होते आणि 'संशयकल्लोळ' ठरले की मांडव लवकर भरतो. फाल्गुनरावाला कोणत्या वाक्यावर संशय येणार, हे पुढच्या ओटीवर बसलेल्या बायकांना पाठ असते आणि त्या ते वाक्य त्याच्या आधी पुटपुटतात. तरीही नवा फाल्गुनराव उभा राहिला की सर्वांची नजर एकाच गोष्टीवर खिळते : हा ते वाक्य कसे घेणार? गेल्या खेपेला आमच्या वायरमनने ते काम केले आणि तसबीर हातात घेताना तो क्षणभर नुसता थांबला. त्या थांबण्याला मांडवाने टाळ्या दिल्या.

शिवाय 'संशयकल्लोळ' तरी कुठे देवलांच्या मनात एकट्याने उगवले आहे? त्याचे मूळ एका इंग्रजी नाटकातून थेट मोलिएरपर्यंत जाते. आपल्या लाडक्या 'अशी ही बनवाबनवी'चेही तसेच आहे. आधी बंगालीत १९५५ चा 'जय माँ काली बोर्डिंग', मग १९६६ साली हृषीकेश मुखर्जी यांचा 'बीवी और मकान', आणि १९८८ साली सचिन पिळगांवकर यांनी ती गंमत पुण्यात आणली. आज महाराष्ट्रात किंवा गोव्यात कोणीही त्याला उसना चित्रपट म्हणणार नाही, कारण भाड्याच्या खोलीची ती विवंचना, ती भाषा आणि ते नट सगळे इथलेच झाले. त्यामुळे गोष्ट कोणाची आहे यापेक्षा ती ज्याच्या हाती आली त्याने तिच्यात काय जीव ओतला, हे मी पाहतो.

पर्वरीहून :
नाटक दर प्रयोगाला संपते आणि म्हणून ते पुन्हा करावेच लागते, चित्रपट मात्र एकदा झाला की राहतो. हा फरक जत्रेचे रसिक यांनी विचारात घ्यावा, असे मला वाटते. टाळेबंदीत आम्ही घरी बसून उपशीर्षकांसह इतके मल्याळम चित्रपट पाहिले की आता रिमेकची जाहिरात आली की माझा पहिला प्रश्न असतो की मूळ चित्रपट घरात उपलब्ध असताना हा कोणासाठी करत आहेत. त्या पैशात जुन्या चित्रपटांच्या खराब होत चाललेल्या प्रती दुरुस्त करता येतील. पणजीच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जुन्या भारतीय चित्रपटांच्या पुनरुज्जीवित प्रती दाखवतात. मी त्या दालनातल्या चित्रपटांसाठी सुट्टी काढून जातो आणि मला तो पैसा अधिक सत्कारणी लागलेला दिसतो.

मांडवीकाठ :
पर्वरीहून, तुमचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते, पण एक उदाहरण त्याच्या आड येते. 'दृश्यम २' मल्याळममध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये थेट घरच्या पडद्यावर आला होता आणि हिंदी चित्रपट त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये चित्रपटगृहात लागला. शेवट ठाऊक असलेले कितीतरी लोक तरीही तिकीट काढून गेले. माझी आई त्यांपैकीच एक होती. उपशीर्षके वाचता वाचता माणसांचे चेहरे पाहायचे राहून जातात, असे तिचे म्हणणे आहे, आणि तिच्या वयाच्या प्रेक्षकासाठी रिमेक हा खरोखरच एक आधार आहे.

वास्कोची लेक :
आमच्या घरी 'अग्निपथ' हा विषय काढायचीच सोय नाही. बाबांनी १९९० चा चित्रपट वास्कोत पाहिला होता आणि त्यातला मिथुन चक्रवर्ती यांचा नारळपाणीवाला कृष्णन अय्यर त्यांचा फार आवडता होता. २०१२ चा चित्रपट मी हौसेने त्यांना दाखवायला नेला. मध्यंतरापर्यंत ते कृष्णन अय्यरची वाट पाहत राहिले. तो या चित्रपटात नाहीच, त्याच्या ऐवजी रौफ लाला आहे, हे लक्षात आल्यावर ते गप्प झाले. मला ऋषी कपूर यांचे काम पाहून थक्क व्हायला झाले होते, पण ज्या मित्राला भेटायला आलो तोच घर सोडून गेला आहे, अशी त्यांची अवस्था मला दिसत होती, म्हणून मी काही बोलले नाही.

फोंड्याची मावशी :
वास्कोच्या बाय, बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांचे दुःख मला अगदी समजते.

दहावीच्या वर्गातून :
मी शिक्षिका आहे. आचार्य अत्रे यांचा १९५३ चा 'श्यामची आई' आणि सुजय डहाके यांचा २०२३ चा, हे दोन्ही मी मुलांना दाखवले. नवा चित्रपटही कृष्णधवलच आहे, त्यामुळे मुले कंटाळतील अशी मला धास्ती होती, पण तसे झाले नाही. जुन्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आहे आणि वनमाला यांची आई विसरणे शक्य नाही, म्हणून नव्याची गरज काय, असे सहकारी म्हणत होते. मात्र पुस्तक हे मूळ असले की दुसऱ्या चित्रपटाला पहिल्याची सावली होऊन राहावे लागत नाही, तो पुन्हा पुस्तकाकडे जाऊ शकतो. मुलांनी तेच केले. वाचनालयातली साने गुरुजींची प्रत पुढचे कित्येक आठवडे कपाटात परतलीच नाही.

काणकोणचा :
'सिंघम'विषयी कोणीच कसे लिहिले नाही? २०१० च्या तामिळ चित्रपटात नायक गावातून चेन्नईला जातो, २०११ च्या हिंदीत तो शिवगडहून कोलव्याच्या पोलीस ठाण्यात येतो, आणि प्रकाश राज दोन्हीकडे खलनायक आहेत. चेन्नईच्या जागी गोवा ठेवला एवढेच झाले. उलटणाऱ्या गाड्या, समुद्रकिनारा आणि गुंड यांपलीकडे आमच्या दक्षिण गोव्यातले एकही घर त्यात मला आतून दिसले नाही. मांडवीकाठ ताईंनी ज्याचे कौतुक केले, त्याच्या नेमके उलट उदाहरण म्हणून मी हे मांडतो. चित्रीकरण गोव्यात झाले म्हणून चित्रपट गोव्याचा होत नाही.

सासष्टीकर :
काणकोणकर भाऊंशी मी सहमत आहे आणि त्याच न्यायाने 'दृश्यम'विषयीही एक शंका मांडतो. मूळ कुटुंब ख्रिस्ती होते. गोव्यात कथा आणताना ते तसेच ठेवता आले असते, चर्चचे रिट्रीट आमच्याकडे काही नवे नाही, आणि सासष्टीतले एखादे ख्रिस्ती कुटुंब हिंदी पडद्यावर दारू आणि नाचगाण्याशिवाय, साधे, एकमेकांना धरून राहणारे असे दिसले असते. ती संधी कामत यांच्यासारख्या जाणत्या दिग्दर्शकाच्या हातून निसटली, याची खंत मला चित्रपट आवडूनही वाटत राहिली आहे.

मांडवीकाठ :
काका, ही बाजू माझ्या मनात आली नव्हती आणि ती मला पूर्णपणे पटते. मूळ मल्याळम चित्रपटाचे दिग्दर्शक जीतू जोसेफ यांनी स्वतःच कमल हासन यांना घेऊन तामिळमध्ये 'पापनासम' केला, तेव्हा नायक सुयंबुलिंगम झाला आणि संवाद जयमोहन यांनी तिरुनेलवेलीच्या बोलीत लिहिले. म्हणजे धर्म तिथेही बदलला, पण त्याबरोबर बोलीही मुळापासून बदलली. आपल्या साळगावकरांच्या तोंडी मात्र घरातही हिंदीच राहिली, जेवणाच्या ताटावर कोंकणी किंवा मराठी ऐकू आली असती तर कुटुंब कोणत्याही धर्माचे असते तरी ते अधिक आपले वाटले असते. 'पापनासम' येत्या शनिवारी आईबरोबर पाहणार आहे. उपशीर्षके मीच तिला वाचून दाखवीन.