कारण माहीत नसताना शंभर वर्षं चाललेलं इंजिन

तीन_जबडी_चक

प्रकाशवर्ष यांनी काल लिहिलं: "ज्ञान हीच शक्ती. शास्त्रज्ञ नियम शोधतो, इंजिनिअर त्यातून यंत्र बनवतो आणि कामगार ते चालवतो." दोनदा वाचलं, राग गिळता आला नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. चौतीस वर्षं मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात त्या विभागात काढली. 'चालवतो' या एका शब्दात ती बसत नाहीत.

वाफेचं इंजिन घ्या. खाणीतलं पाणी उपसायला न्यूकमेनने ते १७१२ मध्ये उभं केलं. हा लोखंडी सामानाचा धंदा करणारा माणूस. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल, याचा विचार कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने मांडला १८२४ मध्ये. मधली एकशे बारा वर्षं इंजिनं पाणी उपसतच होती. नियमातून यंत्र आलं नाही, यंत्राकडे बघून नियम सुचला.

आता न्यूकमेनचं इंजिन सुधारणारा जेम्स वॉट. वाफ सिलिंडरबाहेर थंड करणाऱ्या वेगळ्या कंडेन्सरची कल्पना त्याला १७६५ मध्ये सुचली. त्याची पहिली इंजिनं खाणीवर लागायला १७७६ का उजाडलं? पैशाची ओढाताण होतीच, पण मुख्य म्हणजे सिलिंडर गोल मिळत नव्हता. दट्ट्याच्या कडेने वाफ निसटायची. मग तोफा बोअर करणाऱ्या, म्हणजे आतून गोल कोरणाऱ्या विल्किन्सनने सिलिंडरच्या आरपार जाणारा, दोन्ही टोकांना आधार दिलेला बार वापरला. ज्याने कधी बोअरिंग केलंय त्याला हे वाचून लगेच कळेल. बार एकाच बाजूने धरून लांब बाहेर काढला की टूल दबतं, आवाज करतं आणि भोक निमुळतं होतं. हे विल्किन्सनला कुठल्या नियमाने शिकवलं नाही, फुकट गेलेल्या जॉबांनी शिकवलं.

प्रकाशवर्ष

'चालवतो' हा शब्द चुकला. तो मागे घेते. बाकीचं घेणार नाही.

तुम्ही नेमकं सोयीचं उदाहरण निवडलंत. वॉट ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करत होता. न्यूकमेनच्या इंजिनाचं मॉडेल त्याच्याकडे आलं, तेव्हा किती वाफ वाया जाते हे तो मोजत बसला. तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात खर्च होणारी सुप्त उष्णता म्हणजे काय, ते त्याला तिथल्याच प्राध्यापक जोसेफ ब्लॅककडून कळलं. मोजणं हे विज्ञान नाही तर काय आहे?

आणि रेडिओ? मॅक्सवेलने १८६५ मध्ये समीकरणांतून विद्युतचुंबकीय लाटा दाखवल्या. हर्ट्झने त्या प्रयोगात पकडल्या १८८७-८८ मध्ये. कितीही कसबी हात असला तरी त्या लाटा चाचपून सापडल्या नसत्या. जीपीएसच्या उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. आइन्स्टाइनचा सिद्धांत माहीत नसता, तर नकाशावरचा तुमचा ठिपका दिवसाला दहाएक किलोमीटर भरकटला असता. सवयीने हे कळत नाही हो काका.

तीन_जबडी_चक

मॅडम, ब्लॅकच्या सिद्धांतावरून आपल्याला कंडेन्सर सुचला नाही, असं वॉटने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. रेडिओचं मान्य. पण एका रेडिओच्या जोरावर तुम्ही सगळा इतिहास स्वतःच्या नावावर करताय.

रात्रपाळी

तुम्ही दोघं ज्ञान आधी कुठून आलं यावर भांडताय. मी नर्स आहे. मला रोज दिसतं ते असं, की ज्ञान कोणाच्या तोंडून येतं यावर त्याची ताकद ठरते.

बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेला एक माणूस पहाटे आणला. डोकं दुखतंय म्हणत होता, बोलणं असंबद्ध. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता. मी म्हटलं, हा आकडा धरू नका, रक्त तपासायला पाठवू. ड्यूटीवरचा डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिस्टर, ऑक्सिजन उत्तम आहे." तो ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांवर चालतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. हे मला माहीत होतं. पाऊण तासाने मोठे डॉक्टर आले, त्यांनी तेच वाक्य उच्चारलं आणि दोन मिनिटांत सगळे धावले. रुग्ण वाचला, पण तो पाऊण तास मी विसरलेले नाही.

झेमेलवाइस या डॉक्टरचंही तेच झालं. व्हिएन्नात १८४७ मध्ये त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आकडे समोर होते. तरी आपल्याच हातांनी बायका मरतात, हे त्या हातांना ऐकायचं नव्हतं.

खुलं_दार

रात्रपाळी, तुमचं म्हणणं नुसतं ऐकलं नाही. आमच्याकडे ज्ञानाला सरळ कुलूप घालतात. विद्यापीठ सोडलं त्या दिवशी माझं लॉगिन बंद झालं. तीन वर्षं खपून लिहिलेला माझाच शोधनिबंध आता मला पैसे भरून उघडावा लागतो. तपासणाऱ्यांना दमडी मिळाली नाही, मला मिळाली नाही, आणि मध्ये दारवान झालेला प्रकाशक कमावतोय.

वॉटचं नाव निघालंच आहे तर पुढचंही सांगा. त्याचं पेटंट १७६९ चं. १७७५ मध्ये त्याने संसदेकडून ते १८०० पर्यंत वाढवून घेतलं. हॉर्नब्लोअरने दोन सिलिंडरचं इंजिन काढलं तर त्याला या पेटंटच्या जोरावर अडवलं. पेटंट संपलं, आणि कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांनी १८११ पासून आपली इंजिनं किती कोळशात किती पाणी उपसतात ते दरमहा छापायला सुरुवात केली. कोणी काय फेरबदल केला ते सगळ्यांना दिसायचं. पुढच्या तीसेक वर्षांत तिथली इंजिनं तेवढ्याच कोळशात कितीतरी पट काम करायला लागली. ज्ञानाची शक्ती वाटण्यात आहे.

साक्षांकित_प्रत

पेटंटला शिव्या घालण्याआधी ते नसताना काय होतं ते बघा. चेंबरलेन घराण्याने अडलेल्या बाळंतपणासाठी चिमटा शोधला आणि शंभरहून जास्त वर्षं घराबाहेर जाऊ दिला नाही. झाकलेल्या पेटीतून न्यायचे. पेटंट निदान लिहून द्यायला लावतं: काही वर्षं तुझं, मग सगळ्यांचं.

कारखान्यातले उस्तादही चेंबरलेनच की. माझ्या वडिलांना त्यांच्या उस्तादाने टूलला धार लावताना कधी पुढून बघू दिलं नाही. पाठ फिरवून उभा राहायचा. हातातलं ज्ञान थोर म्हणून मिरवणाऱ्यांनी ते किती दडवलं याचाही हिशोब द्यावा.

रात्रपाळी

शंभर वर्षं! त्या शंभर वर्षांत किती बायका गेल्या असतील. पेटंट की गुपित, हा वाद मला सुचतच नाही हे वाचल्यावर.

तीन_जबडी_चक

हिशोब मागताय? घ्या. तुमच्या वडिलांचा उस्ताद पाठ फिरवायचा, कारण पोरगा शिकला की उद्या कमी पगारात त्यालाच उभा करतील ही भीती होती. ती भीती खरी होती, मी तसं होताना पाहिलंय. आणि सगळे दडवतात म्हणू नका. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्याकडे वही होती. कुठलं मशीन गरम झाल्यावर किती सरकतं, कुठल्या स्लाइडला कुठे झीज आहे, सगळं तारखेसकट. निरोपाची भाषणं झाली. वही कोणी मागितली नाही. मी दोनदा विचारलं, "कोणाकडे देऊ?" आजही कपाटात आहे.

चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न पाच रॉकेटचं एफ-वन इंजिन बघा. नासाच्या तरुण इंजिनिअरांनी २०१३ च्या सुमारास जुनं इंजिन सुटं करून अभ्यासलं. इंजिनाचे आराखडे शाबूत होते. पण प्रत्येक इंजिन जुळवताना हातांनी केलेले बारीक फेरबदल कागदावर कुठेच पुरते उतरले नव्हते. यात दडवलं कोणी? विचारलंच नाही कोणी!

प्रकाशवर्ष

वहीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण काका, वही पुरत नाही, हेच तर मी म्हणतेय. काय करायचं ते लिहून ठेवलं आणि का करायचं ते कळलं नाही, तर लिहिलेलंही नासतं.

लांबच्या सफरींत खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग बघा. १७४७ मध्ये आरमारी डॉक्टर लिंडने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं खाणारे दोघे आठवड्याच्या आत सावरले. ब्रिटिश आरमाराने हे अंगीकारलं १७९५ मध्ये. रोग जवळजवळ गेला. पुढे एकोणिसाव्या शतकात मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी लहान हिरवी लिंबं आणली, कारण उपाय 'आंबट' आहे असा समज होता. त्या रसात क जीवनसत्त्व बरंच कमी होतं. १८७५-७६ च्या आर्क्टिक मोहिमेत जहाजावर हा रस असूनही माणसं स्कर्व्हीने आडवी झाली. लिंबाचा उपाय शंभर वर्षांहून जुना होता. कारण माहीत नव्हतं म्हणून तो हातातून गेला.

तीन_जबडी_चक

या उदाहरणाने मला गप्प केलं, कारण माझ्या बाबतीत हेच झालंय. सांगणार नव्हतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. उस्तादांनी सपाट प्लेटा करायला दिल्या. एका प्लेटला निळं, म्हणजे खुणेचा निळा रंग लावायचा, दुसरीवर घासायची, जिथे निळं लागेल तो उंचवटा, तो स्क्रेपरने खरवडायचा. असं शेकडो वेळा. उस्ताद म्हणाले होते, "तीन घे, दोन घेऊ नकोस." का, ते सांगितलं नाही. मी वेळ वाचवायला दोनच घेतल्या. आठ दिवसांनी निळं सगळीकडे सारखं उठलं, ठिपक्याला ठिपका. छाती फुगवून दाखवायला नेल्या. उस्तादांनी सरळ पट्टी उभी धरली आणि खालून फिलर, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं सरकवलं. मधोमध आत गेलं. एक प्लेट पोट सुटलेली, दुसरी खळगी पडलेली, आणि दोघी एकमेकींत चपखल बसलेल्या.

प्रकाशवर्ष

अहो, ही तर भूमिती आहे! अ ब-शी जुळते, ब क-शी जुळते. अ फुगीर असेल तर ब खोलगट, मग क फुगीर. आता अ आणि क समोरासमोर ठेवा: दोन फुगीर जुळणार नाहीत. तिन्ही जोड्या जुळल्या तर सपाटच असल्या पाहिजेत. व्हिटवर्थ या इंग्लिश यंत्रकाराने १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला, तो याच कामावर. म्हणजे नुसत्या विचारातून सपाटी मिळते, आधी दुसरी सपाट वस्तू हातात नसताना. मुलांना मी हे कधीच शिकवलं नाही, याची खंत वाटतेय.

तीन_जबडी_चक

तुम्ही चार ओळींत सांगितलंत ते उस्तादांनी त्या दिवशी सांगितलं असतं तर माझे आठ दिवस वाचले असते. एवढं तुमचं मान्य. जास्त नाही.

कारण तुमचं गणित अर्धं आहे. तीन प्लेटा जुळल्या की संपलं, असं नाही. एक प्लेट काटकोनात फिरवून पुन्हा निळं बघावं लागतं. न फिरवता सोडलेल्या तीन प्लेटांत पीळ राहिलेला मी पाहिलाय. निळं मात्र झकास उठत होतं.

प्रकाशवर्ष

पीळ कसा राहील? तिघी एकमेकींशी जुळताहेत ना. थांबा, कागदावर काढून बघते.

प्रकाशवर्ष

काढलं. तुमचं बरोबर आहे. समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि दोन खाली, असा सारखाच पीळ तिघींत असेल, तर एक उलटी करून दुसरीवर ठेवल्यावर उंच कोपरा खोल कोपऱ्यावर येतो आणि निळं पूर्ण लागतं. काटकोनात फिरवली की उंचावर उंच येतो आणि पीळ उघडा पडतो. माझ्या गणितात हे सुटलं होतं.

काका, ती वही कपाटात ठेवू नका. पानांचे फोटो पाठवा. प्रत्येक नोंदीपुढे 'का' हा रकाना मी काढते, भरायला तुम्ही लागाल.

तीन_जबडी_चक

अक्षर वाईट आहे. रविवारी पाठवतो.