लिंबू-स्ट्रॉबेरीचं सरबत रात्री फक्कड, सकाळी कडूजहर: हे काय गौडबंगाल?

तेरा_नंबरचा_पाना

मंडळी, नमस्कार. मी स्वयंपाकघरातला माणूस नव्हे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं गिअरबॉक्स खोलले आणि बसवले, आता साताऱ्यात घरी असतो. सौ. धाकटीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आहे आणि थोरलीचा नऊ वर्षांचा चिरंजीव सुट्टीभर माझ्या ताब्यात आहे. त्याला कुठल्याशा मॉलमध्ये 'स्ट्रॉबेरी लेमोनेड' नावाचं पेय १८० रुपयांना पाजण्यात आलं. तेव्हापासून साधं लिंबूसरबत म्हणजे त्याच्या लेखी आजारी माणसांचं खाणं. म्हटलं, ठीक आहे, तुला घरीच करून घालतो.

स्ट्रॉबेरीचा हंगाम संपत आलाय. आता वरून (साताऱ्यात 'वरून' म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीकडून) येते ती बारकी, मऊ पडलेली, खोक्याच्या तळाला रस सुटलेली. पोवई नाक्याजवळ एक बाई ती 'जॅमची' म्हणून स्वस्तात देतात. दोन किलो आणली. धुऊन, देठं काढून काट्यावर ठेवली तर १ किलो ७५० ग्रॅम. मी सगळं मोजतो, सवय आहे.

पहिला प्रयोग: ७५० ग्रॅम स्ट्रॉबेरी, १० लिंबं, ४०० ग्रॅम साखर, अर्धा लिटर पाणी. लिंबं पिळत कोण बसणार, म्हणून चार-चार फोडी करून सालीसकट, बियांसकट मिक्सरला लावली. सगळं जर्मलच्या पातेल्यात घालून २० मिनिटं उकळलं, गाळलं. रंग जरा विटकरी आला, पण रात्री चव पाहिली तर अव्वल! नातवाने दोन पेले घेतले. उरलेलं फ्रीजमध्ये. सकाळी त्याने एक घोट घेतला आणि बेसिनकडे पळाला. मी घेतला, मीही पळालो. काडेचिराईत! रात्रीतून बाटलीत कोणी काही घातलेलं नाही, घरात आम्ही दोघंच.

दुसरा प्रयोग: आता शहाणा झालो होतो. लिंबाचा फक्त रस, १५० मिली. ५०० ग्रॅम स्ट्रॉबेरी कच्चीच वाटून गाळली. साखर २०० ग्रॅम, कारण एवढ्याश्या पोराला किती साखर द्यायची! काचेच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवली. कडू झालं नाही. पण तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून 'फट्' असा आवाज आला. झाकण उडालं होतं आणि अर्धं सरबत भिंतीवर. वास ताडीसारखा.

उरलेली ५०० ग्रॅम स्ट्रॉबेरी डीप फ्रीजरमध्ये कोंबून ठेवली आहे. ती वाया घालवायची नाही. पहिलं कडू का झालं आणि दुसरं फुटलं का, एवढं सांगा. सौ.ला विचारण्याची सोय नाही. विचारलं की आधी भिंतीचा विषय निघेल.

गुहागरची_सून

अहो काका, हसू आवरेना, माफ करा.

लिंबं मिक्सरला लावायचीच नाहीत. माझ्या सासूबाई तर लिंबू पिळतानासुद्धा फोड पिरगळू द्यायच्या नाहीत. 'शेवटचा थेंब लिंबाला राहू दे, त्यातच कडूपणा असतो,' म्हणायच्या. पातळ सालीची, पिवळी धमक झालेली लिंबं घ्यायची, ओट्यावर तळव्याखाली जरा दाबून फिरवायची म्हणजे रस सुटतो, मग कापून गाळणीवर पिळायची. बी खाली जाता कामा नये. आणि रस कधीही उकळायचा नाही. आधी पाक करून घ्यायचा: एक किलो साखरेला अर्धा लिटर पाणी, उकळी आली की चमचाभर दूध सोडायचं, वर काळपट मळी येते ती झाऱ्याने काढून टाकायची. पाक पूर्ण गार झाला की मगच रस.

जर्मलचं पातेलं तर विसराच. आंबट काहीही त्यात करू नये. स्टीलचं किंवा काचेचं घ्या. पितळ्याचं काढाल म्हणून आधीच सांगते, त्यात कळकेल.

पण तुमच्या स्ट्रॉबेरीला मी पाकसुद्धा करणार नाही. आमच्याकडे अमृत कोकम करतात तसं करा. कोकमाची लालबुंद फळं अर्धी कापून, बिया काढून, त्या वाट्यांत साखर दाबून भरायची आणि बरणीत एकावर एक रचायची. बरणी उन्हात. थेंबभर पाणी नाही, विस्तव नाही. साखरच फळातला रस ओढून घेते. सात-आठ दिवसांत बरणीत तळापासून जांभळट लाल पाक चढत येतो, तो बघत बसायला मला अजून आवडतं. स्ट्रॉबेरीला एवढे दिवस नकोत आणि ऊनही नको, ती नाजूक. फोडी करून तेवढीच साखर घाला, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. लिंबू बाटलीत घालूच नका, पेल्यात पिळा. ताज्या लिंबाचा वास बाटलीत राहत नाही, तुम्ही काहीही करा.

आणि चिमूटभर मीठ. मिठाशिवाय सरबत म्हणजे नुसतं साखरेचं पाणी.

चहाबाज

काका, ते तिसऱ्या दिवशीचं फेकलंत का? पत्ता पाठवा, आलो असतो.

ब्रिक्समापी

अन्नतंत्रज्ञान शिकले आहे, फळप्रक्रियेच्या एका छोट्या युनिटमध्ये काम करते. काकांनी मापं दिली आहेत म्हणून उत्तर देणं सोपं आहे. नाहीतर लोक 'अंदाजे साखर' लिहितात.

आधी कडूपणाचं. रात्री तुम्हाला तो लागला नाही कारण तेव्हा तो तयारच झाला नव्हता. लिंबाच्या सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांत एक पदार्थ असतो, त्याला स्वतःला कडू चव नसते. फळ अख्खं असतं तोवर तो आणि आंबट रस वेगवेगळे असतात. मिक्सरमध्ये तुम्ही दोघांची गाठ घालून दिलीत. रसातल्या आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं, आणि लिमोनिन अगदी थोडं असलं तरी जिभेला कळतं. उकळल्याने हे काम आणखी वेगाने होतं. संत्र्याचा रस काढणाऱ्यांना हा त्रास चांगलाच माहीत असतो. कडू झालेल्या सरबतात साखर वाढवून उपयोग नाही. गोड आणि कडू असं दोन्ही लागेल. तेव्हा गुहागरच्या सासूबाई बरोबर होत्या, शेवटच्या थेंबासकट.

विटकरी रंग उकळण्यामुळे. स्ट्रॉबेरीचा लाल रंग उष्णतेत फार टिकत नाही. लिंबाचा आंबटपणा उलट त्याला खुलवतो.

आता झाकणाचं. तुमच्या दुसऱ्या बाटलीतल्या फळातली साखर धरूनही हिशेब तीसेक टक्क्यांवर येतो. कच्च्या फळाच्या सालीवर यीस्ट असतंच. तीस टक्के साखर, एप्रिलची उष्णता आणि बंद बाटली हे म्हणजे त्याला पाहुणचार. साखरेने सरबत टिकवायचं तर ते ६५ टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं. तिथे यीस्टला वापरण्याजोगं पाणी उरत नाही. तुमच्याच मापात सांगायचं तर ५०० ग्रॅम गर आणि १५० मिली लिंबूरसाला साखर दोनशे ग्रॅम नव्हे, एक किलो. बाजारातल्या स्क्वॅशमध्ये साखर याहून कमी चालते, पण तिथे परिरक्षक घातलेला असतो. घरी कोणी 'केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, असाच एक परिरक्षक) घाला' असं सुचवलं तर लाल फळांना घालू नका, रंग उडतो. लाल-जांभळ्या फळांना सोडियम बेंझोएट वापरतात. पण नऊ वर्षांच्या मुलासाठी आठवडाभराचं सरबत करताना यातलं काहीही कशाला?

साखर कमीच ठेवायची असेल तर टिकवण्याचं काम साखरेकडून काढून फ्रीजरकडे द्या. गर वाटून, गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये लावा. हवं तेव्हा दोन वड्या पेल्यात. ६५ टक्क्यांचा पाक ३० मिली घेतला तरी पेल्यात साधारण पाच चमचे साखर जाते, हेही लक्षात असू द्या.

आणि काका, बाटली काचेची होती. झाकण उडालं हे नशीब. घट्ट फिरकीचं झाकण असतं तर काच उडाली असती. फसफसलेली बाटली दिसली की फ्रीजमध्ये ठेवून गार करा, मग फडकं टाकून तोंड लांब धरून उघडा.

एडिसनवासी

सालीची बाजू घ्यायला कोणीतरी हवं म्हणून लिहितोय. न्यू जर्सीत मिळतात ती मोठी, जाड सालीची लेमन. रस आंबट, पण आपल्या कागदी लिंबाचा तो नाकात शिरणारा वास नाही. इथे मी फक्त वरची पिवळी साल बारीक किसणीने किसून साखरेत चोळतो. साखर ओली, पिवळसर होते आणि सगळा सुवास त्या तेलात असतो. पांढरा भाग दिसला की थांबायचं. कागदी लिंबाची साल इतकी पातळ की पुण्यात हाच प्रयोग केला तेव्हा तिसऱ्या घासणीला पांढरं आलं आणि काकांसारखीच गत झाली. मिक्सर प्रकरण मात्र मी केलेलं नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

गुहागरची_सून

@ब्रिक्समापी, वड्यांची कल्पना छान आहे, पण गर ट्रेमध्ये लावण्याआधी बिया गाळल्या पाहिजेत ना? माझ्या मुलीला स्ट्रॉबेरीच्या त्या बारीक बिया दाताखाली आलेल्या चालत नाहीत.

ब्रिक्समापी

हो, बारीक गाळणीतून, डावाच्या पाठीने दाबून. पण वाटताना मिक्सर थांबत थांबत फिरवा. बिया भरडल्या गेल्या तर गर किरकिरा लागतो. कलिंगडाचंही तेच. आणि कलिंगडाचा गर कधीच गरम करू नका, शिजवलेल्या दुधीसारखा वास येतो.

तेरा_नंबरचा_पाना

सर्वांचे आभार. अहवाल सादर करतो.

फ्रीजरमधल्या ५०० ग्रॅमचे समसमान दोन भाग केले. एका भागावर गुहागर पद्धत: २५० ग्रॅम स्ट्रॉबेरी, २५० ग्रॅम साखर, काचेचं भांडं, रात्रभर फ्रीज. स्ट्रॉबेरी गोठून सुटलेली होती, त्यामुळे असेल, पण तासाभरातच साखर लाल व्हायला लागली. नातू दर दहा मिनिटांनी फ्रीज उघडून बघत होता, शेवटी विजेच्या बिलाचं कारण सांगून थांबवलं. सकाळी फळं सुकल्यासारखी आकसून वर तरंगत होती आणि खाली पाव लिटरच्या वर पाक. काय रंग! आमच्या लाल डब्याला नवा रंग दिल्यावर पहिल्या दिवशी दिसायचा तसा. आकसलेल्या फोडी आम्ही पोळीशी खाल्ल्या, वर तूप घालून.

दुसऱ्या भागाच्या वड्या केल्या. मिक्सर थांबत थांबत, बिया गाळून. दहा वड्या झाल्या.

मग दोन पेले शेजारी शेजारी. पहिल्यात तीन चमचे पाक, दुसऱ्यात दोन वड्या आणि दोन चमचे साखर. दोन्हींत अर्धं अर्धं लिंबू, न पिरगळता. मीठ दोन्हींत. खरं सांगायचं तर मला वड्यांचं जास्त आवडलं. ते फळासारखं लागतं, पाकाचं सरबतासारखं लागतं. नातवाचं मत उलट पडलं. त्याने पाकवाल्या पेल्यात सोडा मागितला. सोडा घातल्यावर मॉलसारखं झालं म्हणाला, मग जरा विचार करून, 'पण त्यांचं एवढं आंबट नव्हतं.' ही तक्रार की शाबासकी ते कळलं नाही, पेला मात्र रिकामा झाला.

@चहाबाज, बाटलीतलं उरलेलं मोरीत ओतलं. वास बघून घरमालकांनी वर डोकावून चौकशी केली, तुम्ही आला असतात तर संशय पक्का झाला असता.

@गुहागरची_सून, पाऊस सुरू झाला की इकडे जांभळं येतात. त्यांना हीच बरणीची पद्धत लागू पडेल का? बिया मोठ्या, गर कमी, चिरून काढावा लागेल असं वाटतं.

आणि भिंतीचं: ओल्या फडक्याने पुसलं, सोडा लावला, लिंबूही घासलं. लिंबाने डाग आणखी गुलाबी झाला. शेवटी त्यावर कॅलेंडर टांगलं. काल सौ.चा व्हिडिओ कॉल आला, बाळ दाखवायला. बाळ बघून झालं, आणि फोन ठेवताना ती म्हणाली, 'कॅलेंडर गॅसच्या वर कोणी लावलं हो?'

गुहागरची_सून

जांभळांचं सांगते सविस्तर, नवीन धागा काढा. कॅलेंडर तिथून आधी काढा, पेटेल.