गल्लीतल्या बारमधलं मेक्सिकन: आपापले अनुभव लिहा

हळदबाजार:
परवा विश्रामबागेत एका परमिट रूमच्या फॅमिली सेक्शनला भाच्याच्या वाढदिवसाला गेलेलो. मेनूकार्डात चायनीज संपलं की आता मेक्सिकनचं पान सुरू होतं. नाचोज, टाको, क्वेसाडिया, आणि 'मेक्सिकन सिझलर', जो प्रत्यक्षात कोबीच्या पानावर शेजवान राईस होता. पोरांनी नाचोज हाणले, मी मात्र बसल्या जागी टेक्सासला पोचलो.

कंपनीनं ऑस्टिनला पाठवलं होतं तेव्हा अपार्टमेंटच्या मागं, लाँड्री आणि टायरवाल्याच्या मधे एक बार होता. बाहेरून बंद आहे का चालू कळायचं नाही. आत अंधार, टीव्हीवर त्यांचं ते हातानं खेळायचं फुटबॉल, आणि बूड टेकायच्या आत कागद घातलेल्या टोपलीत गरम चिप्स आणि वाटीभर साल्सा, म्हणजे त्यांची टोमॅटो-मिरचीची चटणी. फुकट. संपलं की न मागता परत. मी पडलो शाकाहारी, रिफ्राइड बीन्स, म्हणजे राजम्यासारखे दाणे शिजवून चेचून परतलेले, मागवले तर किचनमधनं एक बाई बाहेर आल्या, साठीच्या असतील, म्हणाल्या मीट खात नाहीस ना, मग हे नको. त्यात डुकराची चरबी असते, जुनी पद्धतच ती. भातसुद्धा चिकनच्या पाण्यात शिजवलेला. मग चरबीत परतायच्या आधीचे नुसते शिजवलेले बीन्स वाडग्यात पाण्यासकट आणून दिले, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. आणि मक्याच्या टॉर्टिया, आपल्या भाकरीच्या पातळ बहिणी. तापलेल्या तव्यावर त्या बाई बोटांनीच टॉर्टिया उलटायच्या, नखाजवळची कातडी जाड झालेली, टॉर्टिया फुगली की फडक्यात गुंडाळून थेट टेबलावर. पुढं पुढं मी दारात दिसलो की ऑर्डर न घेता वाडगं यायचं.

तर मंडळी, भारी हॉटेलं नकोत. कोपऱ्यावरचा साधा बार आणि मेक्सिकन खाणं, इथलं असो नाहीतर तिथलं. लिहा.

अजिंक्यताऱ्याखाली:
आमच्या साताऱ्यात मेक्सिकन आणलं सुप्रीम कोर्टानं. हसू नका. २०१७ ला १ एप्रिलपासून हायवेच्या ५०० मीटरच्या आतली दारू बंद झाली ना, मामाच्या दोस्ताचा बार बरोबर त्या पट्ट्यात. रात्रीत काउंटर रिकामा. त्यानं बोर्डावरच्या 'बिअर बार'वर पांढरा रंग मारून 'मल्टिक्युझिन फॅमिली रेस्टॉरंट' लिहिलं, पुण्यात काम केलेला एक पोरगा आणला, त्या पोरानं बुरीटो सुरू केला. गिऱ्हाईक म्हणायचं राजमा-भात चपातीत गुंडाळलाय आणि पैसे बिर्याणीचे घेताय. पुढं दारू परत सुरू झाली, पांढरा रंग खरवडला, पण बुरीटो राहिला कारण कॉलेजची पोरं त्याच्यासाठीच यायला लागलेली. आता एका टेबलावर सुकं मटण-भाकरी, शेजारच्या टेबलावर बुरीटो, आणि दोन्हीकडं चखण्याला तेच खारे शेंगदाणे.

कोरेगावची सून:
राजम्यावर का अडलाय सगळे, आमचा वाघ्या घेवडा घ्या की, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय त्याला. रात्री भिजवून सकाळी कुकरला लावायचा, तेलात लसूण-जिरं, त्यात टाकून पळीच्या पाठीनं अर्धवट चेचायचा, शिजवलेलं पाणी थोडं थोडं घालत. चरबीबिरबी काही लागत नाही. शनिवारी ह्यांचे मित्र 'बसायला' येतात तेव्हा मी हेच करते, वर कांदा-टोमॅटो-मिरची बारीक चिरून. एकानं विचारलं वहिनी हे कुठल्या बारमधनं मागवलं. घेवडा मूळचा तिकडचाच हो, अमेरिका खंडातला, मका मिरची टोमॅटो पेरू सगळं तिकडचंच, पोर्तुगीज वगैरे आले त्यांच्याबरोबर इकडं आलं. शिट्टी झाली, येते.

इस्लामपूरकर:
अख्खा मसूर असताना बीन्स कशाला खायचे

हळदबाजार:
बरोबर आहे पण त्या बारमध्ये अख्खा मसूर नव्हता हो

इस्लामपूरकर:
मग त्या बाईंना शिकवून यायचा ना, नुसतं खाऊन आलात

मिरज जंक्शन:
शिकागोला पिल्सेन म्हणून भाग आहे, मेक्सिकन वस्ती, भिंतीभिंतीवर मोठाली चित्रं. तिथला एक बार म्हणजे आमचा शुक्रवारचा अड्डा. मी सगळं खातो त्यामुळं अडचण नाही. अल पास्तोर मागवायचो, उभ्या सळईवर मसाला लावलेलं पोर्क फिरत असतं, टोकाला अननस खोचलेला, तो माणूस सुरीनं पोर्क छाटणार आणि त्याच सुरीनं अननसाची फाक उडवणार ती बरोबर टॉर्टियात. ही सळई मेक्सिकोत नेली लेबनॉनकडनं आलेल्या लोकांनी, म्हणजे मूळचा शवर्माच. माझ्याशी सगळे स्पॅनिशमध्येच बोलायचे, रंगावरून, मी पण सी सी म्हणत सुटायचो. एकदा शेजारच्या स्टुलावरच्या माणसानं खांद्यावर हात ठेवून फार गंभीर काहीतरी सांगितलं, डोळ्यात पाणी, मी सी म्हटलं, त्यानं माझं बिल भरलं. मी कशाला हो म्हणालो ते आजतागायत कळलेलं नाही.

वांगी भरीत:
हाहाहा लग्न ठरलं असेल त्याच्या पोरीशी, वहिनींना सांगू नको

सांजवात:
एक विचारू का, बायका-मुली एकट्या जातात का तिकडं अशा बारमध्ये? आमच्याकडं फॅमिली रूम म्हणजे बाजूच्या जिन्यानं वर जायचं, पडदे लावलेली खोकी, नवऱ्याबरोबर गेलं तरी ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून मान खाली घालून जेवायचं.

मिरजेची मावशी:
अगं सांजवात मी गेले ना, कॅलिफोर्नियात लेकीकडं असताना. उंच स्टूल, पाय लोंबकळतायत, अंगावर साडी. शेजारी एक बाई एकटी पुस्तक वाचत टाको खात होती आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं तिच्याकडं, मला ते टाकोपेक्षा आवडलं. ग्वाकामोले आलं, अव्होकाडो दगडी खलात चेचलेला, चवीला बरा पण तिखट म्हणून काही नाही. माझ्या पर्समध्ये शेंगदाण्याची चटणी होतीच. घातली. जावई छताकडं बघायला लागला. बारवाल्या पोरानं बोटावर घेऊन चाखली, डबी आत घेऊन गेला ती रिकामीच आली परत.

सांजवात:
मावशी तुम्ही ग्रेट. प्यालात काय पण?

मिरजेची मावशी:
लिंबू सरबत गं. ग्लासच्या काठाला मीठ लावलेलं. जावयानं सरबतच आहे म्हणून सांगितलं, मी कशाला जास्त विचारू. झोप छान लागली.

माणदेशी माळ:
म्हसवडकडचा आहे. आमच्या बांधावर घायपात लावलेलं असायचं, जनावर आत शिरू नये म्हणून, आजा त्याचा वाख काढून दोर वळायचा. साताऱ्यात नोकरीला लागल्यावर दोस्तांबरोबर पहिल्यांदा टकीला, ती मेक्सिकन दारू, बघितली, बाटलीवर घायपाताचं चित्र! मी तर म्हटलं आयला, हे आमच्या शेतात फुकट पडलंय. मग वाचलं तर तिकडची निळी जात वेगळी, हालिस्को राज्यात जास्त, वाढायलाच पाच-सात वर्षं घेतं, पानं छाटून मधला गड्डा भाजतात, रस आंबवतात आणि मग काढतात. आपल्या बांधावरच्याची काढली तरी टकीला नाव लावता येत नाही, १९७४ पासून ते नाव मेक्सिकोनं राखून ठेवलंय. आणि त्या बारचा टाको सांगायचा राहिलाच, कडक होता, पहिल्या घासाला फुटून सगळं शर्टावर. मेक्सिकोत म्हणे बहुतेक मऊ असतो.

वांगी भरीत:
नाव 'माणदेशी' लावू, काढूया का

माणदेशी माळ:
एक्साइजवाले पहिलं गिऱ्हाईक

कृष्णाकाठ:
सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती आहे आज कुणी सांगेल का, दुसरीकडं विचारत बसायला वेळ नाही, गावभागात आई एकटी आहे

हळदबाजार:
सकाळी २२ फूट. इशारा पातळी ४० ला आहे, लांब आहे अजून. आईंना सांगा निवांत झोपा, काही लागलं तर मला मेसेज करा, मी सांगलीतच आहे.

कृष्णाकाठ:
धन्यवाद दादा. २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हापासनं पाऊस लागला की पोटात गोळा येतो. विषय मेक्सिकन आहे होय, मी फक्त थिएटरात नाचोज खाल्लेत, चीज गार होतं.

पाटीपेन्सिल:
नाचोज निघालेच अशा एका गडबडीतनं. पिएद्रास नेग्रास म्हणून मेक्सिकोच्या सीमेवरचं गाव, नदीपलीकडं टेक्सासचं ईगल पास. १९४० च्या दशकात पलीकडच्या काही अमेरिकन बायका तिथल्या क्लबात खायला आल्या, स्वयंपाकी जागेवर नाही. इग्नासिओ अनाया नावाच्या माणसानं टॉर्टियाचे तुकडे तळले, वर चीज वितळवलं, हालापिनो मिरच्यांचे काप ठेवले आणि पुढं केलं. इग्नासिओला घरात नाचो म्हणायचे, तेच नाव पडलं. लोक पुरातन मेक्सिकन पदार्थ समजून खातात.

इस्लामपूरकर:
आमच्याकडचा वेटर असता तर किचन बंद झालं, पापड आहे फक्त, म्हणाला असता

कणीस:
ऑस्टिनवाले दादा, त्या मक्याच्या टॉर्टियाचं सांगा ना. मी गिरणीतनं मक्याचं पीठ आणून थापली तर तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. मुलं उपाशी, नवरा म्हणतो डोसा कर.

पाटीपेन्सिल:
मीच सांगतो. नुसत्या पिठानं जमणार नाही. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून धुतले की साल सुटते, मग ओलेच वाटायचे. त्यानं गोळा चिकट होतो. आणि नुसती चिकटपणाची गोष्ट नाही, चुन्यामुळं मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका नेला पण ही रीत नेली नाही, मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना तिकडं पेलाग्रा व्हायचा, नियासिन कमी पडून होणारा रोग.

वांगी भरीत:
पानपट्टीवरचा चुना चालेल का, घरात तेवढाच आहे

पाटीपेन्सिल:
खायचाच असतो तो, चालेल. चिमूटभर नको पण, किलोला चमचाभर तरी लागतो, आणि धुवा नीट.

कोरेगावची सून:
आले परत. कुणी घेवडा लावला का? कुणीच नाही ना.

सांजवात:
मी लावते उद्या वहिनी. सांगलीत अव्होकाडो कुठं मिळतो का? मावशींचा शेंगदाण्याचा प्रकार करून बघायचाय.

अजिंक्यताऱ्याखाली:
मोठ्या मॉलमध्ये मिळतो पण दगड असतो, दोन-तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा. देठाजवळ दाबून बघत राहा, एकदा पिकला की दुसऱ्या दिवशी काळा.

मिरजेची मावशी:
आणि चटणी सोलापूरचीच घे गं. मी मिरजेची असून सांगते.