अपघातात महाधमनीला इजा: स्टेंट ग्राफ्ट की छाती उघडून? सल्ला हवा

पायवाट:
धाकटा भाऊ, वय ३१. काल पहाटे त्याची गाडी उभ्या ट्रकवर आदळली. मांडीचं हाड मोडलंय, चार बरगड्याही. सीटी अँजिओत महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटून तिथे फुगा आल्याचं दिसलं. डॉक्टर म्हणतात, स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धमनीच्या आतून बसणारी जाळीची नळी, उद्या बसवू, तोवर रक्तदाब खाली ठेवू. फाटलेली नस घेऊन तो रात्र कशी काढणार? दुसरीकडे हलवावं का? छाती उघडून केलेलं जास्त टिकतं का?

निशिगंध:
मी भूलतज्ज्ञ आहे. रिपोर्ट न बघता त्याच्याबद्दल नक्की काही सांगणार नाही. गाडी एकदम थांबली की हृदय पुढे झेपावतं आणि कण्याला धरून असलेली धमनी जागीच राहते. म्हणून ती बहुतेक वेळा डाव्या हाताची रक्तवाहिनी निघते त्याच्या जरा पुढे फाटते. फुगा आहे म्हणजे बाहेरच्या थराने रक्त अजून धरून ठेवलंय. इजेच्या चार पायऱ्यांतली ही तिसरी. चौथी, म्हणजे उघड फुटलेली असती, तर कुणी उद्यावर ढकललं नसतं. एस्मोलॉल किंवा लॅबेटॅलॉल या औषधांनी दाब आणि ठोके उतरले की भिंतीवरचा ताण उतरतो, तेव्हा उपचार कालच सुरू झालेत. हे काम करणारी टीम तिथेच असेल तर कृपा करून हलवू नका.

छाती उघडायची तर एका फुप्फुसावर श्वास ठेवून धमनीला क्लॅम्प म्हणजे चिमटा लावून रक्त अडवावं लागतं, त्यामुळे पाय लुळे पडण्याची भीती जास्त. बरगड्या मोडलेल्या माणसाला ते फार जड जातं. ग्राफ्ट जांघेतून जातो. १९८७ मध्ये युक्रेनमधल्या खार्किव्हला सर्जन निकोलाय व्होलोदोस यांनी असाच अपघातानंतरचा फुगा आतून बंद केला होता. सर्जनना एवढं विचारा: डाव्या हाताची वाहिनी झाकली जाणार का? झाकली तर बायपास लागेल का? तरुणांची धमनी बारीक असते, त्या मापाचा ग्राफ्ट हाताशी आहे का?

ओलीमाती:
माझ्या नवऱ्याला सहा वर्षांपूर्वी बसवला. चौथ्या दिवशी उठून बसले. ग्राफ्टची किंमत लाखांत जाते, म्हणून महात्मा फुले योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला आजच विचारा. ग्राफ्टचं कार्ड जपा. आणि पुढचे सीटी चुकवू नका, अगदी ठणठणीत वाटलं तरी. त्याला अजून कितीतरी वर्षं काढायचीत त्या ग्राफ्टवर.

पायवाट:
विचारलं. वाहिनी झाकावी लागणार नाही, माप आहे. सकाळी सातला घेतायत. वरचा दाब ११० आहे. आई दर तासाला तेवढाच आकडा विचारते.