मदत हवी आहे: जुनं शेतघर, ओल्या भिंती आणि पायी येणारे यात्रेकरू

मंडळी, पायी यात्रेच्या वाटेला लागून आमचं जुनं शेतघर आहे. दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी माळा, त्यावर कौलं. वीसेक वर्षं बंदच होतं. तिथे चालत येणाऱ्या १२ जणांना रात्रीपुरतं टेकता येईल अशी साधी सोय करायची आहे. छप्पर झालंय. घोडं अडलंय ते भिंतींपाशी.

चूक आमचीच. चार वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराचं ऐकून आतून कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा मारून घेतला. ओल जाईल म्हणाला. ती गेली नाही, वर सरकली. गिलावा संपतो त्याच्या बरोबर वर लोणा लागला, बोट फिरवलं की पांढरी भुकटी. गेल्या महिन्यात छिन्नी लावली तर सिमेंटचे हातभर ढलपे निघाले, आणि मागची माती मुठीत दाबली की गोळा होत होता! मग बाहेर जाऊन पाहिलं: माती साचत साचत अंगण आतल्या जमिनीपेक्षा वीतभर वर आलेलं. ते खणून उतार दिला, पन्हळीचं पाणी लांब नेलं.

आता गिलावा चुन्याचाच करणार, म्हणजे आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहील. पण करायचा कधी? ‘इंचाला एक महिना’ हा ठोकताळा सगळे सांगतात. दोन्ही बाजूंनी सुकते धरलं तरी वर्ष गेलं. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून पाहिला, दोन दिवसांनी थेंब भिंतीकडच्या बाजूला. ज्यांनी जुन्या भिंतीवर चुना केलाय, ते पूर्ण सुकेपर्यंत थांबले का? क्षार ओढून घ्यायला आधी मातीचा ओला लेप देऊन, तो सुकला की काढून टाकतात म्हणे. कुणी केलंय?

दुसरं, माळा. तुळया मधे ठोकल्या तर खणखणीत वाजतात, पण एकीच्या भिंतीत शिरलेल्या टोकात पेचकस मुठीपर्यंत गेला आणि भुसा सांडला. वाळवीची माती कुठे दिसत नाही, कूजच वाटते. टोक कापून नवं लाकूड सांधायचं, की खालून टेकू द्यायचा? झोपायच्या खोलीला चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. दुमजली खाटा भिंतीलगत ओळीने लावल्या तर तेवढा हिशेब पुरतो का? इंजिनिअरला बोलावणारच आहे, पण त्याला काय विचारायचं ते तरी कळावं.

संडास-न्हाणी दोन-दोन धरलेत. पण चालणारे लोक दुपारी दोन-तीन तासांत सगळे येतात आणि पहाटे एकदम निघतात. १२ जणांना पुरतील? गरम पाण्याचं कसं जमवता?

ढेकणांवर सल्ला नको, ते ठरलंय: लोखंडी खाटा, पाठपिशव्या खोलीबाहेर, चादरी ६० अंशांच्या पाण्यात.

स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवर काही मुक्कामाच्या जागा निव्वळ ऐच्छिक देणगीवर चालतात. तसं करावंसं वाटतं, पण पेटीतून दुरुस्तीपुरते तरी पैसे निघतात का? चालवणाऱ्यांनी खरं सांगा.

भाऊ म्हणतो, परत सिमेंट मार आणि वरून रंग दे. त्याला दाखवायला तरी कुणीतरी लिहा.