जांभ्याच्या भिंतींवर नवे वायरिंग नीटनेटके कसे बसवावे?

प्रश्न:
रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे कौलारू घर जांभ्या चिऱ्याचे असून त्यातील वायरिंग आजोबांच्या काळातले, लाकडी पट्ट्यांवर टिनच्या क्लिपांनी बसवलेले आहे. माळ्यावर उंदरांनी तारांचे आवरण कुरतडल्यामुळे गेल्या पावसाळ्यात ओटीवरच्या बोर्डात दोनदा ठिणग्या उडाल्या. आता सर्व वायरिंग बदलायचे आहे. भिंती कोरण्याची माझी तयारी नाही, कारण आमचा चिरा कोरताना ढासळतो. मात्र उघड्यावरून नेलेल्या नळ्या वर्षभरात लोंबकळताना मी शेजारी पाहिल्या आहेत. त्या सरळ आणि घट्ट राहाव्यात यासाठी काय करावे, हे कृपया अनुभवी सभासदांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद:
भिंत न कोरण्याचा आपला निर्णय योग्य आहे. मी अशा घरांत बरीच वर्षे वायरिंग केले आहे आणि नळ्या लोंबकळण्याचे कारण बहुतेक वेळा नळीत नसून स्क्रूच्या पकडीत असते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे भोक पाडताना त्याची माती होते, स्क्रूसाठी भोकात बसवलेली प्लॅस्टिकची गिट्टी आत फिरू लागते आणि स्क्रू कितीही आवळला तरी तो धरत नाही. म्हणून नळीचा मार्ग आखतानाच तो शक्य तितका तुळया आणि वाशांच्या कडेने न्यावा, कारण लाकडात स्क्रू थेट आणि पक्का बसतो. जेथे चिऱ्यावर उतरावेच लागेल तेथे लांब गिट्टी वापरावी, आणि भोक ढासळलेच तर ते सिमेंटने भरून, सिमेंट पूर्ण घट्ट झाल्यावरच नव्याने पाडावे.

आधी ओळंबा लावून आणि सूत मारून भिंतीवर रेघा आखून घ्याव्यात. नळी नेहमी आडवी किंवा उभी जावी. तिरकी नळी जवळची वाटली, तरी पुढे कोणी खिळा ठोकताना आत तार असेल याचा अंदाज त्याला येत नाही. दर दोन फुटांवर एक सॅडल (नळी भिंतीला धरून ठेवणारी पकड), आणि वळण किंवा जंक्शन बॉक्स आला की दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर आणखी एक, असा माझा नियम आहे. सॅडलखाली बेस अवश्य घ्यावा, म्हणजे नळी भिंतीपासून किंचित वर राहते आणि पावसाळ्यातला ओलावा तिच्यामागे साचत नाही. सॅडल इतकी आवळू नये की नळीला हलायला जागाच उरणार नाही, कारण दहा मीटर लांबीची पीव्हीसी नळी वीस अंशांनी तापली तर साधारण एक ते दीड सेंटिमीटर वाढते आणि दोन्ही टोके जखडलेली असतील तर मधोमध वाकून बाहेर येते.

तारा सर्व नळ्या बसल्यानंतरच ओढाव्यात. नळीच्या आतल्या जागेचा ४० टक्क्यांहून अधिक भाग तारांनी भरू नये. नळीत जोड तर मुळीच ठेवू नये. जोड फक्त बॉक्समध्ये असावा.

दुसरा प्रतिसाद:
आपले घर खाडीजवळ असेल तर साधे लोखंडी स्क्रू घेऊ नयेत. आमच्याकडे ते खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजले आणि पडवीतली अख्खी रांग खाली आली. आता सर्वत्र स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आहेत. माजघरात नळीऐवजी पट्टीचे केसिंग-कॅपिंग (तारांसाठी झाकण असलेली चपटी पट्टी) अधिक शोभते, असे मला वाटते.

पहिला प्रतिसाद देणारे:
गुळगुळीत गिलावा असलेल्या माजघरात केसिंग-कॅपिंग चालेल. ओबडधोबड चिऱ्यावर मात्र पट्टी टेकत नाही, तिच्यामागे फटी राहतात आणि झाकण सुटते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. माळ्यावरच्या उंदरांचे काय करावे?

पहिला प्रतिसाद देणारे:
पीव्हीसी नळीही उंदीर कुरतडतात, म्हणून माळ्यापुरती जस्त चढवलेली लोखंडी नळी घ्यावी आणि ती अर्थिंगला जोडलीच पाहिजे. नळीच्या टोकाला रबरी बुश बसवावा, नाहीतर तार ओढताना लोखंडाच्या धारेने तिचे आवरण कापले जाते. बॉक्सची न वापरलेली भोके बंद करावीत आणि एकही तार वाशावरून मोकळी सोडू नये. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून, काम परवानाधारक ठेकेदाराकडून तपासून घ्यावे आणि त्यानंतरच जुना पुरवठा तोडावा.