गाळात म्हणे लक्ष्मी!

जॉबवर्कवाला: ‘प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) सांडपाण्यात चुना टाका, निकेल-क्रोम काढा, विका’ ही चुनाभट्टींची कालची पोस्ट वाचून झोपच लागंना. संभाजीनगरजवळच्या वाळूजला अकरा वर्षं हेच करायलोय. चुन्यानं खाली बसतो तो हायड्रॉक्साइडचा चिखल. फिल्टर प्रेसमधून काढला तरी अर्ध्याहून जास्त पाणीच. झिंक, निकेल, क्रोम, वर जिप्सम. कोण घेतंय? उलट आपणच पैसे मोजून रांजणगावला, धोकादायक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवायचा.

चुनाभट्टी: खिचडी तुम्हीच करता, दादा. निकेलचं रिन्स (जॉब, म्हणजे मुलामा दिलेले भाग, धुतलेलं पाणी) वेगळं धरा, कॉस्टिक सोड्यानं पीएच (आम्लता मोजायचा आकडा) १० च्या पुढं न्या, गाळ घ्यायला लोक दारात येतात. क्रोमला आधी पीएच २-३ वर मेटाबायसल्फाइट (विषारी क्रोमला सौम्य करणारं रसायन), मग गाळ बसवायला पीएच ८-८.५.

जॉबवर्कवाला: शेड आहे माझी, वाडा नाही! चार टाक्या कुठं मांडू, डोक्यावर?

गारखेड्याची_काकू: टाक्यांचं ऱ्हाऊ द्या, पाणी कुठंय? आमच्याकडं नळ आठवड्यानं, अन् तुमचे जॉब तासातासाला अंघोळ करतात.

जॉबवर्कवाला: काकू, आम्ही पण टँकरच घेतो.

गारखेड्याची_काकू: तेच म्हणते! टँकर तुमच्याकडं वळतो. उन्हाळ्यात सून बाळंतीण, मी रात्री दोनला हंडे भरले.

पैठणकर: आणि उरलेलं सांडपाणी खाम नदीत. खाम गोदावरीलाच मिळते, साहेब. आमचं पाणी तिथलंच.

जॉबवर्कवाला: पुरावा दाखवा, नाहीतर तोंड आवरा!

जुना_केमिस्ट: भांडू नका. काकूंचं बरोबर आहे. तीन टाक्यांचं उलट्या दिशेचं रिन्स (जॉब पुढं, पाणी मागं) लावलं की पाणी कितीतरी कमी लागतं, आणि धातू थोड्या पाण्यात एकवटून मिळतो. बाकी पीएच चढवत सुटू नका. मी एकदा हौसेनं १२ वर नेला, बसलेलं झिंक परत विरघळलं. झिंकची मर्यादा लिटरला ५ मिग्रॅ, ती ओलांडली, मालकानं पगारच कापला.

जॉबवर्कवाला: आणि झिंक-निकेल अलॉयच्या बाथमधलं (मुलाम्याच्या द्रावणातलं) अमाइन हे रसायन? निकेलला सोडतच नाही.

चुनाभट्टी: तिथं चुन्यानं भागत नाही, सल्फाइड लागतं. मान्य. पोस्टमध्ये लिहायचं राहिलं.

जॉबवर्कवाला: राहिलं म्हणे! बरं, निकेलचा एक ड्रम वेगळा धरतो. गिऱ्हाईक तुम्ही आणायचं.

चुनाभट्टी: आणतो. केक (प्रेसमधला दाबलेला गाळ) वाळवून ठेवा.

गारखेड्याची_काकू: वाळवा वाळवा. आमचा टँकर आजही आला नाही.